पाठीवरची नजर आणि मागून येणारी चाहूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जुन्नर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्याकडे ऊस आहे, उसात बिबटे आहेत. त्यामुळे "मागून कुणी बघत असलं तर कळतं का हो सर?" हा प्रश्न वर्गात येतो तितकाच चहाच्या टपरीवरही येतो. तीच उत्तरं तोंडी देऊन दमलो, म्हणून एकदाची लिहून काढली.

आधी सरळ सांगा. कळतं की नाही?

नुसती नजर कळत नाही. मागून येणारा माणूस मात्र पुष्कळदा कळतो.

या दोन गोष्टींची आपण सारखी गल्लत करतो. खरं तर मराठीनं त्यांना वेगवेगळे शब्द देऊन ठेवलेत: नजर आणि चाहूल. चाहूल "लागते". तिच्यात पाऊल असतं, कापडाची सळसळ असते, थांबलेला रातकिडा असतो. या सगळ्याला कान आहेत, कातडी आहे, डोळ्यांचे कोपरे आहेत. नुसत्या नजरेला पकडणारं असं काही आपल्या अंगात सापडलेलं नाही. मागे काचेआड गुपचूप बसून कुणी तासभर टक लावली तरी पाठीला पत्ता लागत नाही.

पण माझ्या बाबतीत कितीदा झालंय! मी वळतो आणि तो माणूस माझ्याकडेच बघत असतो.

माझ्याही बाबतीत झालंय. याचं उत्तर एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञानं १८९८ मध्येच देऊन ठेवलंय. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात तो शिकवायचा आणि त्याच्या वर्गातली पोरंही हेच सांगायची. त्याचं म्हणणं असं: पाठ ही आपली उघडी बाजू. गर्दीत बसलं की माणूस अधूनमधून केस सारखे करतो, मान हलवतो, मागे वळतो. मागच्याच्या दृष्टीनं समोरच्या शांत देखाव्यात तेवढीच एक गोष्ट हललेली असते आणि हललेल्या गोष्टीकडे डोळे जातातच. तुम्ही पूर्ण वळेपर्यंत त्याची नजर तुमच्यावर आलेली असते. नजरेला नजर भिडते आणि तुम्हाला वाटतं, हा मघापासून बघतोय. म्हणजे तुम्ही वळलात म्हणून त्यानं बघितलं.

एसटीत पुढच्या सीटवरून एकदा झटकन मागे वळून बघा. निदान तीन जण तुमच्याकडे बघत असतील. त्यांच्यावर आळ घेऊ नका.

आणखी एक गोष्ट आठवणीची. या हिशेबाला चार खाने आहेत. कुणी बघत होतं आणि तुम्ही वळलात. बघत होतं, पण तुम्ही वळला नाहीत. कुणीच बघत नव्हतं, तरी वळलात. बघतही नव्हतं आणि वळलाही नाहीत. गोष्ट म्हणून घरी सांगण्यासारखा यातला फक्त पहिला खाना. दुसरा तर तुम्हाला कधी कळणारच नाही, कारण तुम्ही वळलाच नव्हतात.

यावर कुणी रीतसर प्रयोग केले आहेत का?

सव्वाशे वर्षं चाललेत. टिचनरनं स्वतः केले, हाती काही लागलं नाही. मग १९१३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन कूव्हरनं दहा जणांना पाठमोरं बसवलं आणि प्रत्येकाकडून शंभरदा उत्तर घेतलं: मागचा आत्ता बघतोय की नाही? हजारातली ५०.२ टक्के उत्तरं बरोबर आली. छापा-काटा केला असता तरी एवढीच आली असती.

पुढे बराच काळ कुणी फारसं लक्ष दिलं नाही. विषय पुन्हा तापवला तो ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रूपर्ट शेल्ड्रेक यांनी. त्यांनी शाळांमधून, नंतर ॲमस्टरडॅमच्या विज्ञान केंद्रात आलेल्या हजारो लोकांकडून हा प्रयोग करवून घेतला. त्यांच्याकडे बरोबर उत्तरं साधारण ५५ टक्क्यांच्या आसपास येत. पाच टक्के म्हणजे किरकोळ वाटतात, पण हजारो वेळा केल्यावर पाच टक्के जास्त हे काही नशिबानं येत नाही. तेव्हा कुठेतरी काहीतरी होतं, हे नक्की. ते काय होतं, ते पुढच्या एका प्रश्नात सांगतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो मर्लिन श्लिट्झ आणि रिचर्ड वाइझमन यांचा प्रयोग. श्लिट्झबाईंचा या गोष्टीवर विश्वास, वाइझमन पक्के संशयी. दोघांनी ठरवलं, भांडण्यापेक्षा एकत्र करू. तीच खोली, तीच यंत्रं. एका खोलीत माणूस, त्याच्या बोटांना त्वचेची विद्युतवाहकता मोजणाऱ्या पट्ट्या, दुसऱ्या खोलीत पडद्यावर त्याला बघणारा. १९९७ मध्ये निकाल छापला: वाइझमन बघायचे तेव्हा काहीच नाही, श्लिट्झ बघायच्या तेव्हा थोडा फरक! पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग आणखी काटेकोरपणे तिसऱ्यांदा केलं. २००६ मध्ये त्याचा निकाल आला तेव्हा दोघांच्याही हाती शून्य. मतभेद असलेल्या दोन माणसांनी असं एकत्र बसणं आमच्या स्टाफरूममध्येही घडायला हवं, असो.

शेल्ड्रेक म्हणजे भोंदूच ना?

नाही. आणि हे आपल्याकडच्या शेतकऱ्यांना जास्त कळेल. हा माणूस केंब्रिजमधून जीवरसायनशास्त्र शिकलेला आणि १९७४ पासून हैदराबादजवळच्या पाटनचेरूला, इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेत, वनस्पती शरीरक्रियेचं काम करायचा. पिकं कुठली? तूर आणि हरभरा. पुढे तमिळनाडूतल्या एका ख्रिस्ती आश्रमात राहून त्यांनी आपले वेगळे सिद्धांत लिहिले आणि तिथून त्यांचा रस्ता बाकीच्या शास्त्रज्ञांपासून फुटला तो फुटलाच. मला त्यांचे निष्कर्ष पटत नाहीत. पण त्यांनी प्रयोगाची रीत उघड सांगितली, कुणीही करून बघा म्हणाले. लोकांनी करून बघितलं आणि खोट सापडली, ती त्यांनी सगळं उघड ठेवलं म्हणूनच.

मग ते जास्तीचे पाच टक्के आले कुठून?

एक छोटा खेळ करा. शेजारच्या पोराला सांगा, मनानंच वीस वेळा छापा-काटा लिही. तो लिहील: छापा, काटा, छापा, छापा, काटा… चार छापे लागोपाठ लिहायला त्याचा हात धजावणार नाही. खरं नाणं मात्र चार-चार, पाच-पाचदा एकच बाजू सहज दाखवतं.

शेल्ड्रेक यांनी "आता बघा, आता बघू नका" याचे जे तक्ते वाटले होते, त्यांत असाच अदलाबदलीचा भर जास्त होता. शिवाय प्रत्येक उत्तरानंतर "बरोबर" किंवा "चूक" असं सांगितलं जायचं. एवढ्यावर मेंदू शिकतो. "मघाशी बघत होता, आता नसेल" एवढा एकच ठोकताळा धरला तरी निम्म्याच्या वर गुण मिळतात आणि आपण असा ठोकताळा धरलाय हे आपल्याला कळतही नाही. डेव्हिड मार्क्स आणि जॉन कोलवेल यांनी २००० मध्ये हे तपासलं. तेच तक्ते वापरून बरोबर-चूक सांगत गेलं की गुण वाढत जातात, सांगितलं नाही तर वाढत नाहीत. आणि तक्ते खरोखर यादृच्छिक केले की बरोबर-चूक सांगूनही काही होत नाही.

शाळांमधल्या कित्येक प्रयोगांत दोघंही एकाच खोलीत असत, ही दुसरी गोम. तिची गोष्ट शेवटच्या प्रश्नात आहे.

डोळ्यांतून काहीच बाहेर पडत नाही? आपल्या शास्त्रांत तर लिहिलंय म्हणतात.

लिहिलंय, खरंच लिहिलंय. न्यायदर्शनाचं मत असं की चक्षू हे तैजस, म्हणजे तेजाचं बनलेलं, इंद्रिय आहे, त्याचे रश्मी बाहेर जाऊन वस्तूला भिडतात आणि मग ती दिसते. न्यायसूत्रांत त्याला पुरावाही दिलाय: "नक्तंचरनयनरश्मिदर्शनाच्च". रात्री फिरणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांतले किरण दिसतात की! बॅटरीच्या झोतात बिबट्याचे डोळे ज्यानं बघितलेत त्याला हा पुरावा एका क्षणात पटेल. चूक एवढीच की तो उजेड त्याच्या डोळ्यातून निघालेला नसतो. तुमच्याच बॅटरीचा उजेड त्याच्या दृष्टिपटलामागच्या चमकदार थरावर आपटून परत येतो. बॅटरी बंद केली की डोळेही विझतात.

बौद्ध तर्कपंडितांनी नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, त्या काळीच अडवलं होतं. झाडाची फांदी आणि तिच्यामागचा चंद्र दोन्ही एकदमच दिसतात. डोळ्यातून किरण निघून जात असते तर चंद्र उशिरा दिसायला नको का? मला हा युक्तिवाद फार आवडतो, जरी नैयायिकांनी त्यालाही उत्तर शोधलं होतंच. ग्रीक पंडितांत युक्लिड आणि पुढे टॉलेमी हेही किरण बाहेर पडतात याच मताचे. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोत इब्न अल-हैथमनं सप्रमाण सांगितलं की उजेड बाहेरून डोळ्यात येतो. सूर्याकडे बघितलं की डोळा दुखतो, तो उगाच नाही.

गंमत अशी, की ही जुनी समजूत आपल्या मेंदूतून पुरती गेलेली नाही. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये लोकांना पडद्यावर टेबलावर उभी असलेली एक कागदी नळी दाखवली. बाजूला एक चेहरा. प्रश्न एवढाच: नळी किती कलली की पडेल? चेहरा नळीकडे बघत असला की लोकांचा अंदाज किंचित बदलायचा, जणू नजर नळीला हलकेच रेटते आहे. चेहऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली की हा फरक नाहीसा. विचारलं तर तेच लोक म्हणतात, छे, नजरेला कसला जोर! आपण "नजर बोचते", "नजर रुतते" म्हणतो ते उगाच नाही तर.

मग दृष्ट लागणं?

आई मीठ-मोहऱ्या ओवाळते तेव्हा मी गप्प उभा राहतो. नजरेनं दूध नासत नाही. पण आई पाच मिनिटं पोरासाठी चुलीपाशी उभी राहते, त्यात मला मोडता घालायचा नाही.

चाहूल कशानं लागते?

मुख्यतः कानांनी. आवाज डावीकडून आला तर डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्याला क्षणभर उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त एक हजारांश सेकंदाच्या दोन-तृतीयांशाएवढा. त्याहून कितीतरी बारीक, म्हणजे सेकंदाच्या साधारण एक लाखाव्या भागाचा फरकही चांगल्या कानाला लागतो. त्यावरून मेंदू दिशा काढतो आणि ते गणित आपल्याला न विचारता उरकतो. आपल्यापर्यंत येतं ते फक्त "कुणीतरी आहे". कसं कळलं ते येत नाही, आणि तिथूनच सहाव्या इंद्रियाच्या गप्पा सुरू होतात.

जवळ येणाऱ्या आवाजाला कान झुकतं माप देतात. जॉन न्यूहॉफ यांनी १९९८ मध्ये दाखवलं की वाढत जाणारा सूर आपल्याला तेवढ्याच घटणाऱ्या सुरापेक्षा जास्त बदलल्यासारखा वाटतो. येणाऱ्याची भीती जाणाऱ्यापेक्षा जास्त, हे मेंदूत मुरलेलं आहे. माकडांच्या मेंदूत तर अशा पेशी सापडल्यात ज्या डोक्याच्या मागे वीतभरावर आवाज झाला की चेततात आणि तोच आवाज लांब गेला की गप्प बसतात. त्याच पेशी तिथल्या त्वचेला हात लावल्यावरही चेततात. मागे अगदी जवळ कुणी उभं राहिलं की मानेला "स्पर्श झाल्यासारखं" का वाटतं, याचा धागा मला इथे दिसतो.

कानाखेरीजही असतंच: जमिनीची थरथर, दारातून आलेली झुळूक, विडीचा किंवा खोबरेल तेलाचा वास, भिंतीवरची सावली, समोरच्याचे डोळे तुमच्या खांद्यावरून पलीकडे जाणं. आणि आवाज बंद पडणं. रातकिडे एकदम थांबले की आपल्याकडे कुणालाही मान वर करायला शिकवावं लागत नाही.

दिसत नसलेल्या माणसांना हे जास्त कळतं का?

माझ्या आजीला शेवटची आठ-दहा वर्षं काचबिंदूनं दिसत नव्हतं. ओट्यावर बसून मटकी निवडायची, बोटांनीच. पायरीवर डावी चप्पल घासली की म्हणायची, "आला गं तुझा धाकटा." त्याचं नवल नाही. पण कधी मी खोडी म्हणून अनवाणी, श्वास रोखून दारात उभा राहायचो. ती मटकीवरून मान न उचलता म्हणायची, "दार अडवून नको उभा राहूस, आत ये." कसं कळलं विचारलं तर म्हणे, "तोंडावर सावली पडल्यासारखं होतं रे."

पुढे शिक्षकी पेशात आल्यावर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण जगभरचे अंध लोक हेच सांगत आले होते: अडथळा जवळ आला की चेहऱ्यावर दाब जाणवतो. याला नावच पडलं होतं, चेहऱ्याची दृष्टी. १९४४ मध्ये कॉर्नेलमध्ये याची तड लावली आणि ती लावणाऱ्या तिघांतला मायकेल सूपा स्वतः अंध होता. चेहरा आणि हात जाड कापडात गुंडाळले, तरी माणसं भिंतीच्या आधी थांबली. कानात बोळे घातले, तर भिंतीवर आपटली. शेवटी एकाला वेगळ्या बंद खोलीत बसवलं, दुसरा माणूस मायक्रोफोन घेऊन भिंतीकडे चालत गेला, आणि नुसत्या पावलांचा आवाज ऐकून बसलेल्यानं सांगितलं, आता भिंत जवळ आली. जाणीव चेहऱ्यावर होत होती, पण काम कानांचं होतं.

आजीच्या बाबतीत माझा तर्क असा, की मी दारात उभा राहिलो की रस्त्याचा, गिरणीचा आवाज अडत असणार. मी आवाज केला नव्हता. मी आवाज अडवला होता.

आणि डोळ्यांचे कोपरे?

आपण समजतो त्यापेक्षा बरंच बाजूला दिसतं. दोन्ही डोळे मिळून जवळजवळ दोनशे अंशांचा पट्टा, म्हणजे डोळ्यांच्या रेषेच्याही थोडं मागे. कडेचं चित्र अंधूक असतं, पण हालचाल तिथे चटकन टिपली जाते. त्यात माणसाच्या डोळ्याचं पांढरं बुबुळाभोवती जितकं उघडं दिसतं तितकं वानरकुळात इतर कुणाचंच दिसत नाही, हे दोन जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये मोजून दाखवलं. कोण कुठे बघतंय ते लांबूनही वाचता येतं. दोन-चार दिवसांचं बाळसुद्धा आपल्याकडे बघणाऱ्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघतं.

इथे एक खोट मात्र आहे. नीट दिसत नसलं की मेंदू धरून चालतो, माझ्याकडेच बघतोय. सिडनीच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे तपासलं. काळा चष्मा लावलेला माणूस तुम्हाला नेहमी तुमच्यावर नजर ठेवून बसलेला वाटतो तो यामुळे.

जंगलात राहणाऱ्यांना तर वाघ न दिसताच कळतो ना?

जिम कॉर्बेट यांनी लिहिलंय, की एकदा रस्त्यानं जाताना त्यांची पावलं नकळत पलीकडच्या कडेला गेली होती आणि अलीकडे वाघ दबा धरून होता, हे नंतर धुळीतल्या ठशांवरून उमगलं. मी त्यांना खोटं पाडणार नाही. पण तो माणूस लहानपणापासून जंगलाचा आवाज न् आवाज ओळखत होता. वानर खेकसलं, भेकर भुंकलं, सांबरानं कॉल दिला, मोर मध्येच ओरडून थांबला, हे त्यांना वाचावं लागत नव्हतं. ताडोब्याचे गाइड आजही याच कॉलवर जिप्सी वळवतात. यात विद्या मोठी आहे. पाठीचा मात्र काही संबंध नाही.

आता आमच्याकडची बाजू सांगतो. थ्री फेज लाईट रात्री बाराला येते, म्हणून माझा भाऊ रात्रीच उसाला दारं धरतो. गेल्या पावसाळ्याआधी एकदा मोटार चालू करून तो बांधावर पाठमोरा बसला, डबा खाल्ला, मोबाइलवर गाणी ऐकली. सकाळी आम्ही दोघं गेलो तर ओल्या सरीत बिबट्याचे ठसे, तो बसला होता तिथून सात-आठ पावलांवर. नुसते येऊन गेल्याचे नाहीत. पुढचे दोन पंजे शेजारी-शेजारी रुतलेले, मागे शेपटीनं चिखल पुसल्यासारखा. तिथे बसून होता तो. कितीतरी वेळ. भावाची मान गरम झाली नाही की मनात पाल चुकचुकली नाही. मोबाइल चालू होता ना! तेव्हापासून तो गाणी लावत नाही, आणि डबा भिंतीला पाठ लावून खातो.

अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या उसाच्या पट्ट्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी कॅमेरे लावून जे दाखवलं तेही हेच: बिबटे वस्त्यांच्या आसपास रोज वावरतात आणि लोकांना बहुतेक वेळा पत्ताही नसतो. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला "आजोबा" बिबट्या गळ्यात कॉलर घालून माळशेज घाटात सोडला होता. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या बाजूला पोचला, वाटेत हमरस्ते, रेल्वे, वस्त्या ओलांडत. पाठीला नजर कळत असती तर त्या वाटेवर किती माना वळायला हव्या होत्या.

जनावरांना कळतं का आपण बघतोय ते?

डोळे दिसले तर कळतं. सुंदरबनात १९८६ पासून मध आणि लाकडं आणणारे लोक डोक्याच्या मागे माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधू लागले, कारण वाघ मागून झडप घालतो. सुरुवातीला उपाय चांगला चालला, मग वाघ सरावले. बोत्सवानात तर गाईंच्या ढुंगणावर डोळे रंगवले. चार वर्षांत डोळे रंगवलेल्या ६८३ गाईंपैकी एकही दबा धरणाऱ्या श्वापदानं मारली नाही, न रंगवलेल्या ८३५ पैकी १५ मारल्या. नुसती फुली रंगवलेल्या ५४३ पैकी चार गेल्या. दबा धरणाऱ्याला वाटलं पाहिजे, आपण दिसलो. आमच्याकडे कुणी हे शेळ्यांवर करून बघितलं तर मला जरूर सांगा.

रिकाम्या घरात "कुणीतरी आहे" असं वाटतं, ते काय?

तो वेगळाच प्रकार आहे, तिथे बाहेर कुणी नसतंच. १९१६ मध्ये दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेवर गेलेला अर्नेस्ट शॅकल्टन आणि दोन सोबत्यांनी दक्षिण जॉर्जिया बेटावरचे बर्फाचे डोंगर ३६ तासांत ओलांडले. नंतर शॅकल्टन म्हणाला, आपण तीन नाही, चार जण चालतोय असं सारखं वाटत होतं. थकवा, थंडी, एकटेपणा, जागरण यांत हे होतं.

स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लांके यांच्या गटानं २००६ मध्ये मिरगीच्या एका तरुण रुग्ण बाईच्या मेंदूत, डाव्या कानाच्या वरच्या-मागच्या बाजूला, अगदी सौम्य वीज दिली. तिला लगेच मागे कुणीतरी असल्याचं जाणवलं. ती झोपली की तो झोपलेला, ती बसली की तो बसलेला. मेंदू तिच्याच शरीराचा नकाशा मागे सरकवून दुसऱ्याच्या नावावर टाकत होता. २०१४ मध्ये त्यांनी हे धडधाकट माणसांत घडवलं. पुढे बोट हलवलं की मागचं यंत्र पाठीवर तसंच बोट फिरवायचं. दोन्ही एकाच वेळी झालं तर काही नाही, अर्ध्या सेकंदाचा उशीर केला की काहींना मागे कुणी उभं आहे असं वाटे. दोघांनी तर प्रयोग थांबवा म्हणून सांगितलं.

झोपेत छातीवर कुणी बसलंय, हलता येत नाही, हे याच घरातलं. आणि जोडीदार गेल्यावर तो घरात असल्यासारखं वाटणं याला कुणी वेड समजू नये. वेल्समध्ये १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांना विचारलं, तर जवळपास निम्म्यांनी असा काही ना काही अनुभव सांगितला.

बाईला मात्र कळतंच, असं माझी बायको म्हणते.

तुमच्या बायकोशी वाद घालू नका. लोकलमध्ये, स्टँडवर लहानपणापासून सावध राहावं लागलेली बाई चाल, अंतर, थांबणं, पुन्हा दिसणं यांची नोंद घेत असते. ती पाठीनं नजर ओळखत नाही. मागचा माणूस दोनदा वेग बदलतो, ते ओळखते. तेव्हा शंका आली की "उगाच वाटत असेल" म्हणत बसू नये. गर्दीच्या, उजेडाच्या ठिकाणी जावं, ११२ लावावा, रेल्वेत असाल तर १३९. शंका खोटी ठरली तर काय, एक फोन वाया.

सारखंच वाटत असेल तर?

आठवडे झाले, शेजारी नजर ठेवतात, पंख्यात कॅमेरा आहे असं पक्कं वाटतंय, झोप उडालीय, तर डॉक्टर. म्हाताऱ्या माणसांत पार्किन्सनसारख्या आजारांतही खोलीत कुणी असल्याचं वाटतं. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, १४४१६ वर, मराठीत बोलता येतं. यात लाज काही नाही.

हे घरी करून बघता येईल का?

येईल. पाठमोरा एक, मागे एक. बघायचं की नाही ते प्रत्येक वेळी नाणं उडवून ठरवा, मनानं नाही. नाणं दुसऱ्या खोलीत उडवा. वीस वेळा करा. बरोबर-चूक शेवटपर्यंत सांगू नका. नुसत्या नशिबानं वीसपैकी पंधरा किंवा जास्त येण्याची शक्यता साधारण दोन टक्के आहे, म्हणजे पन्नास जणांच्या वर्गात सरासरी एखादा निघतो. तो निघाला की ढोल वाजवू नका, त्यालाच पुन्हा बसवा.

आमच्या नववीत केलं तेव्हा असाच एक निघाला, पंधरा. पोरांनी बाकं बडवली. त्याला बाजूला घेऊन विचारलं, कसं रे कळत होतं? तो बराच वेळ बोलेना. मग म्हणाला, "सर, तो बघायला लागला ना, की पुढे वाकतो. खुर्ची वाजते." स्टाफरूमची प्लॅस्टिकची खुर्ची होती ती, मागचा एक पाय तडकलेला.

खुर्ची बदलली. नऊ आले.